कुणाच्या हातचं काम

६ जानेवारी

दवाखान्यातल्या नोंदवाल्या बाईंनी मला एक छापील वही दिली आहे. तिच्यात रोज सकाळी बोटं किती मिनिटं आखडलेली होती ते लिहायचं. त्या वहीत मिनिटं जातील, बाकीचं इथे.

तर मला संधिवात झालाय. वयाचा, गुडघ्याबिडघ्याचा नव्हे. ज्यात शरीर आपल्याच सांध्यांना परकं समजून त्यांच्यावर धावून जातं, तो. सत्तेचाळीस वर्षं एकत्र राहून आता शरीराला शंका आली. सुरुवात आहे, चार महिन्यांचा आजार आहे, म्हणून डॉक्टरबाई माझ्याकडे फार प्रेमाने बघतात. त्यांना अभ्यासासाठी असेच ताजे रोगी हवे आहेत.

माझा धंदा दात बनवण्याचा. कवळ्या आणि कॅपा, म्हणजे खराब दातावर बसवायच्या टोप्या. मेणाचा दात कोरायचा, त्यावरून पक्का दात तयार होतो आणि डॉक्टर तो लोकांच्या तोंडात बसवतात. बावीस वर्षांत काही हजार लोक माझ्या दातांनी हसले असतील. एकालाही माझं तोंड माहीत नाही. या कामाला दहा बोटं लागतात आणि माझी सध्या सहाच कामावर येतात.

अभ्यासात तीन गट आहेत. पहिल्याला मेथोट्रेक्सेट नावाची जुनी गोळी, आठवड्यातून एकदा. दुसऱ्याला ती आणि आणखी दोन जुन्या गोळ्या, अशा तीन. तिसऱ्याला ती जुनी गोळी आणि वर एक नवं महागडं इंजेक्शन. कोण कुठल्या गटात, हे संगणक ठरवतो. गोळ्या सगळ्यांना सगळ्या मिळणार आणि सुयाही सगळ्यांना टोचणार, फक्त काहींच्या गोळीत पीठ आणि काहींच्या सुईत मिठाचं पाणी. कुणाला काय मिळतंय ते मला, डॉक्टरबाईंना, नोंदवालीला, कुणालाच कळणार नाही. संसारही असाच चालतो, पण त्याला कोणी अभ्यास म्हणत नाही.

मी म्हटलं, मला इंजेक्शनच्या गटात घाला. डॉक्टरबाई म्हणाल्या, "तेच सगळ्यात चांगलं हे माहीत असतं, तर एवढा खटाटोप कशाला केला असता?"

पटलं. तरी मला इंजेक्शनच हवंय.

९ जानेवारी

मालकांना सांगितलं नाही. आमचे मालक गेलं वर्षभर एका मशीनच्या प्रेमात आहेत. ते मशीन तोंडाचा फोटो काढतं आणि दात आपोआप कोरतं. ते आजारी पडत नाही, चहा मागत नाही आणि बावीस वर्षं झाली म्हणून पगारवाढीची अपेक्षा धरत नाही. अशा सवतीसमोर आपली बोटं सुजल्याचं कोण सांगेल?

फक्त नवऱ्याला माहीत आहे. तो शाळेची प्रयोगशाळा सांभाळतो, त्यामुळे त्याला अभ्यासाचं फार कौतुक. "व्यवस्थित बांधलाय प्रयोग," म्हणाला. बायको त्यात उंदीर आहे, हे त्याच्या लक्षात यायला अर्धं मिनिट लागलं.

२० जानेवारी

गोळी घेतली की दुसऱ्या दिवशी मळमळ. सकाळी ब्लाउजची बटणं लावायला अकरा मिनिटं लागली. छापील वहीत बटणांचा रकाना नाही.

कामावर एक कॅप तीन वेळा कोरली. मेणाची सुरी हातात फिरते, थांबत नाही. दाढेच्या खळग्या कोरायच्या तर जे झालं ते चमच्याने खरवडल्यासारखं. पाच वाजता तशीच ट्रेमध्ये ठेवून निघाले. उद्या बघू.

२१ जानेवारी

सकाळी ट्रे पाहिला, तर कॅप बरी निघाली. बरी काय, चांगलीच. थकल्यावर आपण आपल्याच कामाला उगाच नावं ठेवतो.

५ फेब्रुवारी

तपासणी. डॉक्टरबाई अठ्ठावीस सांधे दाबून बघतात आणि दुखलेले नि सुजलेले मोजतात. आज अकरा सुजलेले. मग नोंदवाली एक आडवी रेघ देते, एका टोकाला "अगदी छान", दुसऱ्याला "अगदी वाईट". त्यावर आपल्या हाताने फुली मारायची. फुली मारायलाच हात दुखतो, हे त्या रेघेला कळत नाही.

बाहेर बाकावर एक बसचा ड्रायव्हर भेटला. त्याचाही आजार नवा, त्याला स्टिअरिंग धरवत नाही. त्याने इकडेतिकडे बघत हळूच विचारलं, "बाई, राग मानू नका, तुमची लघवी नारिंगी होते का?" बावीस वर्षं लोकांच्या तोंडातलं काम केलंय, मी कशाला राग मानते. म्हटलं, नाही. तो म्हणाला त्याची होते, पहिल्या आठवड्यापासून. तीन गोळ्यांतल्या एकीचा तो रंग. म्हणजे तो तीन गोळ्यांच्या गटात, आणि संगणकाने एवढं लपवून ठेवलेलं त्याच्या मूत्रपिंडाने उघड केलं.

घरी येताना मला बिचाऱ्याची दया आली. तीन जुन्या गोळ्या म्हणजे तीन पेन्शनर. मी त्यांच्यात नाही. म्हणजे मला एकतर नुसती एक गोळी, नाहीतर इंजेक्शन.

१२ फेब्रुवारी

शेजारच्या टेबलावरच्या लंबूबद्दल लिहायला हवं. सहा फुटांचा, डावखुरा, मुका नाही पण असता तरी फरक पडला नसता. अकरा वर्षं माझ्या शेजारी बसतो. काम बरं करतो. त्याचे दात थोडे चौकोनी असतात, पहारेकऱ्यासारखे ओळीत उभे. माझ्या दातांना वळण असतं. हे मी म्हणत नाही, डॉक्टर लोक म्हणतात.

गेले काही दिवस तो माझ्या ट्रेकडे बघतो. मी पाच वाजता निघते तेव्हा त्याचं काम संपलेलं असतं, पण तो उठत नाही. सकाळी माझे साचे हललेले असतात. माझ्या डब्यातलं मेणही लवकर संपतंय. माझं टेबल खिडकीजवळ आहे, उजेड चांगला. त्याचा डोळा कशावर आहे हे कळायला भिंग लागत नाही.

३ मार्च

काम फारच छान होतंय. मलाच नवल वाटतं. करताना हात रडतो, पण दुसऱ्या दिवशी सकाळी बघावं तर खळग्या, कडा, वळण, सगळं जागच्या जागी. एका डॉक्टरांनी मालकांना फोन करून कौतुक केलं. मालकांनी तो निरोप मला चेहरा न हलवता सांगितला.

हिशेब साधा आहे. लघवी नारिंगी नाही, म्हणजे तीन गोळ्या नाहीत. काम सुधारतंय, म्हणजे नुसती एक गोळी नाही. मला इंजेक्शन मिळालंय. नवऱ्याला हे सांगितलं तर म्हणाला, "आणि कामाच्या जागी दुसरं काही बदललं नाही ना? दोन गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने काय झालं ते सांगता येत नाही."

म्हटलं, लंबू जास्त वेळ बसायला लागलाय, एवढंच बदललं.

त्याने वर्तमानपत्र उलटून धरलं. मत्सर असेल. त्याच्या प्रयोगांना असं यश कधी आलं नाही.

२ एप्रिल

तीन महिन्यांची तपासणी. सुजलेले सांधे नऊ. रक्तातली सूज जवळपास होती तिथेच. डॉक्टरबाईंनी माझी रेघ पाहिली, फुली "अगदी छान"च्या पार कुशीत.

"तुमची बोटं एक सांगतायत आणि तुम्ही दुसरं," त्या म्हणाल्या.

मी त्यांना माझ्या कामाचं सांगितलं. डॉक्टरांचा फोनही सांगितला. त्या म्हणाल्या, आत्ता उपचार वाढवण्याची सोय अभ्यासात आहे. लवकर वाढवलेले बरे, कारण सांधा एकदा झिजला की तो परत मिळत नाही. मी म्हटलं, चाललंय त्यात हात घालू नका. एवढं चांगलं इंजेक्शन कशाला बदलायचं? इंजेक्शनच आहे हे तुम्हाला कुणी सांगितलं, असं त्यांनी विचारलं. मी नुसती हसले. त्यांनी एक महिना थांबायचं कबूल केलं, तेही कपाळाला आठ्या घालून.

ड्रायव्हर भेटला. परत बस चालवतो म्हणे. मी अभिनंदन केलं. पेन्शनर कधीकधी चालतात.

१४ एप्रिल

आज पकडलं. छत्री विसरले म्हणून साडेपाचला परत गेले, तर लंबू माझ्या टेबलावर, माझ्या खुर्चीत, माझा दिवा लावून, माझी कॅप हातात. मला बघून उभा राहिला. काय चाललंय विचारलं.

"बघत होतो," म्हणाला.

"काय बघत होतास?"

"तुम्ही कसं करता ते."

अकरा वर्षांत दिसलं नाही ते आता संध्याकाळी साडेपाचला दिसणार.

१५ एप्रिल

मालकांशी बोलले. लंबू माझ्या कामात हात घालतो, माझं मेण वापरतो, माझी जागा त्याला हवी आहे. मालकांना असल्या गोष्टी आवडत नाहीत, पण त्यांना माझं काम सध्या फार आवडतंय. त्यांनी लंबूला मागच्या खोलीत प्लास्टरवर पाठवला. तिथे दिवसभर साचे ओतायचे आणि घासायचे. तिथे खिडकी नाही.

लंबूने आपली हत्यारं फडक्यात गुंडाळली. मला वाटलं काहीतरी सुनावेल, मी उत्तरंही तयार ठेवली होती. तो म्हणाला, "ताई, दाढांच्या मागच्या कडा जरा दोनदा बघत जा."

उद्धटपणा बघा.

२४ एप्रिल

एक कॅप परत आली. डॉक्टरांनी घाईत चाव्याचं माप नीट घेतलं नसेल.

२९ एप्रिल

आणखी दोन. मेणाची ही पेटी खराब दिसतेय.

४ मे

आजची धरून पाच झाल्या. एका कवळीच्या मालकिणीने निरोप पाठवलाय की दात घातले की ती घोड्यासारखी दिसते. मालक माझ्या टेबलापाशी आले आणि परत आलेली कवळी ठेवून गेले. संध्याकाळी त्यांच्या खोलीत मशीनवाला माणूस बसलेला दिसला. त्याच्या हातात रंगीत पुस्तक होतं.

इंजेक्शनचा परिणाम उतरला, असं मी नवऱ्याला सांगितलं. लंबू गेला त्याच दिवसापासून उतरला का, असं त्याने विचारलं. तारखा मी त्याला कधी सांगितल्या नव्हत्या. या वहीत हात घालतो की काय, या विचाराने मी अर्धा तास भांडले. भांडण संपल्यावरही तारखा तिथेच होत्या.

७ मे

सगळ्या कॅपांचे प्लास्टरचे नमुने आम्ही सहा महिने ठेवतो. आज जेवणाच्या सुट्टीत फेब्रुवारीची खोकी काढली आणि भिंगाखाली धरली.

खळग्या स्वच्छ. कडा अचूक. आणि प्रत्येक खळगीचा उतार उलटा. उजव्या हाताची सुरी एका अंगाने उतरते, डाव्या हाताची दुसऱ्या. बावीस वर्षं दात कोरणाऱ्या बाईला हे दिसायला तीन महिने लागले, आणि तेही दुसरा कोणी दाखवेना म्हणून.

मार्चची खोकी काढली. तिथे उतार उजवा होता. क्षणभर वाटलं, चला, निदान मार्च माझा. मग एकेक दात फिरवून पाहिला. वळण माझं होतं, अगदी माझंच. पण मार्चमध्ये मला सुईत दोरा ओवता येत नव्हता. हे काम मी केलेलं असणं शक्य नव्हतं.

कौतुकाचा फोन आला तो लंबूच्या दातांसाठी. मी रेघेवर फुल्या मारल्या त्या त्याच्या हातांसाठी. आणि त्याला मी प्लास्टरच्या खोलीत पाठवला.

जेवले नाही. डबा तसाच परत आणला.

८ मे

मालकांकडे गेले. सगळं सांगितलं. आजार, गोळ्या, कुणी काय कोरलं, मी काय चुगली केली. वाटलं होतं बोलताना रडू येईल. आलं नाही. तोंड एवढं कोरडं पडलं होतं की डोळ्यांना काय मिळणार.

मालक म्हणाले, "म्हणजे तीन महिने मी एका माणसाचं काम दोघांच्या पगारात घेत होतो."

म्हटलं, हो. उलट दोन माणसांचं काम एकटा करत होता, असं म्हणा. लंबू माझ्या टेबलावर येईल, मी त्याच्या जागी प्लास्टरला जाईन, मशीनचं नंतर बघू, असं ठरलं. घालवून दिलं नाही. तेवढी माणुसकी की तेवढीच काटकसर, मला विचारावंसं वाटलं नाही.

लंबूची माफी मागितली. सगळे शब्द ठरवून गेले होते आणि निघालं एवढंच की, "मी चुकले रे." तो साचा घासत होता. पुसायला फडकं शोधत राहिला. मग म्हणाला, "काम परत आलं असतं तर मशीन आलं असतं, ताई. मग आपण दोघंही घरी." जणू त्याने पावसात दोघांवर एकच छत्री धरली होती आणि त्यात काय एवढं.

मी त्याच्यावर चिडले. मला सांगितलं का नाहीस?

"सांगितलं असतं तर तुम्ही करू दिलं असतं?"

११ मे

डॉक्टरबाईंनाही खरं सांगितलं. माझ्या फुल्या खोट्या होत्या, मुद्दाम नव्हे, पण खोट्याच. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि पहिल्यांदा मला नीट विचारलं की रोज काय काय जमत नाही. मी बटणांचं सांगितलं. सुरीचं सांगितलं. चावी कुलुपात फिरवायला शेजारणीची वाट बघत जिन्यात उभी राहते, हे नवऱ्यालाही माहीत नसलेलं सांगितलं. त्या लिहीत गेल्या. आजही नऊ सांधे.

आता नियमाप्रमाणे उपचार वाढवायचे, उघडपणे. यापुढे सुईत खरं औषध, हे त्यांनी दाखवून दिलं. आधीच्या चार महिन्यांत काय मिळत होतं, ते पाकीट वर्ष संपल्यावरच उघडणार.

३० जून

प्लास्टरच्या खोलीत खरंच खिडकी नाही. केसांत, भुवयांत, नाकात पांढरं. आरशात मी माझाच साचा दिसते.

सुजलेले सांधे पाच.

२६ ऑगस्ट

दोन. सकाळी बोटं वीस मिनिटांत सुटतात. उजव्या हाताचं मधलं बोट मात्र पूर्ण मिटत नाही. फोटोत तिथे हाड किंचित खाल्लेलं दिसतं. डॉक्टरबाई म्हणाल्या, ते तेवढंच राहील. महिनाभर आधी वाढवलं असतं तर झालं नसतं का, हे कुणालाच सांगता येणार नाही, असंही म्हणाल्या. माझ्यासाठी खोटं बोलल्या की खरं, हेही सांगता येत नाही.

कुलूप उघडलं. आत जाऊन परत बाहेर आले आणि पुन्हा उघडलं.

१९ सप्टेंबर

मालकांनी टेबलावर बोलावलं. लंबूने खिडकीची जागा रिकामी करून ठेवली होती. मी म्हटलं, तू बस तिथे, मला उजेड डोळ्यांवर येतो. तो निमूट बसला. पहिली कॅप कोरायला पूर्वी चाळीस मिनिटं लागायची, आज दोन तास. पण तिचा उतार उजवा आणि हात माझा.

७ जानेवारी

वर्ष झालं. पाकीट उघडलं.

पहिले चार महिने मला एक गोळी आणि मिठाचं पाणी. ज्या इंजेक्शनचे गुण मी घरीदारी गात होते, ते समुद्राच्या काठावर फुकट मिळतं. ड्रायव्हर खरोखरच तीन गोळ्यांवर होता, अजूनही आहे, आणि रोज चार फेऱ्या मारतो. म्हणजे पेन्शनर जिंकले का, असं मी विचारलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, "तुम्ही दोघं म्हणजे दोनच माणसं. अजून तीनशे पाकिटं उघडायची आहेत. काही लोकांना तुमची एक गोळीच पुरली असेल."

मला नाही पुरली. मी त्यांना म्हटलं, मिठाच्या पाण्याला नावं ठेवू नका, त्यावर तीन महिने दात फार सुंदर झाले होते. त्या हसल्या. मला वाटलं होतं मलाही हसू येईल.

१८ जानेवारी

आज ट्रेमध्ये दोघांच्या कॅपा एकत्र ठेवल्या होत्या. आठ होत्या. माझ्या कुठल्या ते मला ओळखता येईना. साचा उलटा धरून कोरायला तो मार्चमध्येच शिकला होता, मालकांना संशय येऊ नये म्हणून. मी लंबूला म्हटलं, आता ते सोंग पुरे, तू तुझे चौकोनी दात कर पाहू पूर्वीसारखे.

त्याने सुरी हातात घेतली. मेणावर धरली. परत खाली ठेवली.

"येत नाहीत, ताई," म्हणाला. "सारखं तुमचंच वळण येतं. माझं कसं होतं ते आठवत नाही."

तक्रार नव्हती. हवामान सांगावं तसं सांगितलं. मी वर्षभर माझी बोटं मोजत बसले होते, अठ्ठावीस सांधे, महिन्याच्या महिन्याला. त्याचं काय गेलं ते मोजायला कुणाकडे रेघ नव्हती.

जुनी खोकी धुंडाळली. वर्षभरापूर्वीचे नमुने फेकून झाले होते. त्याच्या हातचा एकही दात लॅबमध्ये शिल्लक नव्हता. तो असेल तर कुणाच्यातरी तोंडात.

मी म्हटलं, "उद्यापासून माझ्यासारखा एकही दात करायचा नाही. वाटेल तसा कर. बिघडू दे."

"परत येतील."

"येऊ देत. मी सांगेन माझे आहेत."

२३ जानेवारी

एक कॅप परत आली. खालची दाढ, चारही बाजूंनी चौकोनी, पण उंचीला जरा जास्त. मालकांनी ती दोघांच्या मध्ये ठेवली आणि विचारलं, कुणाची.

लंबूने तोंड उघडलं होतं. मी आधी बोलले.